गुणी बाळ

“लई गुणी हाय बघा आमचं लेकरू. दुधालासुदिक रडत न्हाई.”

सात रस्त्याजवळच्या एका दवाखान्याच्या बाकावर आज एक आजी कौतुकानं सांगत होत्या. मांडीवर डाऊन सिंड्रोमचं (जास्तीच्या गुणसूत्रामुळे जन्मतःच असणारी स्थिती) दोन महिन्यांचं बाळ. हे वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना.

कारण हा गुण नाही. या बाळांचे स्नायू सैल असतात, ओढून पिताना ती दमतात आणि उपाशीच झोपतात. रडण्याची वाट बघितली की वजन अडकतं. म्हणून पहिले काही आठवडे दर दोन-तीन तासांनी उठवायचं. दुपटं काढा, तळवे चोळा. पाजताना स्तनाला खालून हाताचा आधार द्या आणि अंगठा व तर्जनीच्या बेचक्यात बाळाची हनुवटी धरा. जबडा स्थिर राहिला की दूध बाहेर कमी ओघळतं.

पिताना कपाळावर घाम, धाप? तर हृदय बघा. साधारण निम्म्या बाळांना हृदयदोष असतो आणि नुसत्या स्टेथोस्कोपनं तो निसटू शकतो. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पहिल्या महिन्यातच हवा. हृदयात मोठं छिद्र असेल तर शस्त्रक्रिया बहुतेकदा सहा महिन्यांच्या आत करतात. उशिरानं फुप्फुसातला दाब कायमचा वाढू शकतो.

सुस्ती आणि बद्धकोष्ठ थायरॉइडमुळेही असतं. तपासणी जन्मतः, 6 महिन्यांनी, वर्षानं, मग दरवर्षी. (रिपोर्टची फाईल जपा, पुढे सारखी लागते.)

त्या आजींना इकोबद्दल कुणी विचारलं असेल का?