हाताला येईल इतक्या उंचीवर: आमच्या वर्गातला शब्दफळा

बीड जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. पहिली आणि दुसरी एकाच खोलीत, दोन्ही माझ्याकडे. दिवाळीच्या आसपास गावातली बरीच कुटुंबं ऊसतोडीला जातात. काही मुलं आजीपाशी राहतात, काही आईवडिलांबरोबर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. त्यामुळे वर्गात एक मूल धडाधड वाचत असतं आणि त्याच्या शेजारच्याला घ आणि ध अजून वेगळे दिसत नसतात. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान 5 जुलै 2021 ला सुरू झालं. तिसरीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे, हे त्याचं उद्दिष्ट मला मनापासून पटतं. पण माझ्यापुढचा प्रश्न रोजचा होता. दुसरीला गणित शिकवत असते तेव्हा पहिलीने अर्धा तास असं काय करायचं, की ज्याने वाचन पुढे सरकेल?

आधी टीव्हीवर प्रयत्न केला. लोकवर्गणीतून आलेला मोठा टीव्ही शाळेत आहे. संगणकावर अक्षरं टाइप करून खेळ तयार केला. त्यात दोन अडचणी लगेच दिसल्या. एकटी वेलांटी किंवा एकटी मात्रा टाइप केली की तिच्यासोबत पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ येतं. मुलं विचारायची, "मॅडम, हा गोल कोणता?" शिवाय त्या फॉन्टमधला ल आणि श हिंदी वळणाचा होता. मराठीचा ल आणि श कसा असावा हे 2009 च्या शासन निर्णयात ठरवून दिलेलं आहे आणि पुस्तकात मुलं तोच बघतात. पहिलीच्या मुलाला एकाच अक्षराची दोन रूपं एकाच आठवड्यात दाखवणं मला बरोबर वाटत नाही. आणि मुख्य म्हणजे, एक जण पुढे येऊन करणार आणि बाकीचे बघणार. वीज गेली की तेही बंद.

म्हणून अक्षरं हातात घेता येतील असं काहीतरी हवं होतं. माँटेसरी पद्धतीत सुटी अक्षरं असतात. बोटांना पेन्सिल पेलण्याआधीच मूल ती मांडून शब्द तयार करतं. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला गावात मिळतील त्या वस्तूंतून साधनं उभी केली. माझ्या हाताशी होते वाढदिवसाचे जुने फ्लेक्स. त्यांची मागची बाजू पांढरी आणि मजबूत असते. टेबलावर घालायचं पारदर्शक प्लास्टिक मीटरवर मिळतं. त्याच्या आडव्या पट्ट्या गावातल्या टेलरकडून फ्लेक्सवर शिवून घेतल्या. पट्टीची वरची बाजू मोकळी ठेवली, की लांबच लांब खिसा तयार होतो. अक्षरकार्डांसाठी जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद घेतला.

फळा टांगला तो सर्वात खालचा खिसा मुलांच्या गुडघ्यापाशी आणि सर्वात वरचा त्यांच्या डोक्यापाशी येईल असा. याबद्दल माझं मत ठाम आहे. छताजवळ लावलेले तक्ते पाहुण्यांना दिसतात. मुलाचा हात पोचत नाही तिथे मूल खेळत नाही.

सगळ्यात जास्त विचार मात्रांचा, म्हणजे काना, वेलांटी, उकार अशा सगळ्याच स्वरचिन्हांचा करावा लागला. इंग्रजीची अक्षरं एकापुढे एक ठेवली की शब्द होतो. आपल्याकडे काना उजवीकडे, पहिली वेलांटी डावीकडे, मात्रा डोक्यावर, उकार पायाशी. मात्रेचं वेगळं कार्ड करून अक्षराच्या शेजारी ठेवलं तर 'कु' कधीच 'कु' दिसणार नाही. मग लॅमिनेशनचं पाऊच रिकामंच मशीनमधून काढलं आणि त्याचे अक्षरकार्डाएवढे तुकडे कापले. प्रत्येकावर लाल मार्करने फक्त मात्रा काढली, मधली जागा मोकळी. हा तुकडा अक्षरावर ठेवला की अक्षराला मात्रा लागते. काना बसावा म्हणून प्रत्येक अक्षर कार्डाच्या थोडं डावीकडे काढावं लागतं. डाव्या कडेलाही पहिल्या वेलांटीपुरती जागा सोडावी लागते. ग, श, ण ही अक्षरं रुंद, ती किंचित अरुंद काढली. र ला उकार असा वरून लावता येत नाही, म्हणून रु आणि रू ही कार्डं वेगळी केली.

याचा एक फायदा वापरताना कळला. 'कि' म्हणताना आधी क ऐकू येतो, मग इ. वहीत मात्र वेलांटी आधी दिसते आणि तिथे बरीच मुलं अडकतात. फळ्यावर मूल आधी क ठेवतं, मग त्यावर वेलांटी. हात आवाजाच्या क्रमाने चालतो.

सगळी अक्षरं एकदम बाहेर काढली नाहीत. म, न, ग, र, क, ब आणि काना एवढ्यावर सुरुवात केली. तेवढ्यात नाक, कान, मान, बाग, नाग, राग, गार, काम, मका, मगर, नगर असे कितीतरी शब्द होतात. काका, मामा, बाबा, नाना व्हायला एकेका अक्षराची दोन कार्डं लागतात, म्हणून क, म, ब, न जास्तीचे केले. खेळ साधा होता. वरच्या खिशात मी एक शब्द लावायचा, खालच्या खिशात मुलांनी एकच कार्ड बदलून नवा शब्द करायचा आणि मोठ्याने वाचायचा. कानचं मान, मानचं गान. पहिलीतल्या एका मुलाने 'नाक'मधली दोन अक्षरं आपणहून उलटी लावली, काना तसाच सरकवला आणि 'कान' असं ओरडला. त्यानंतर सगळेच शब्द उलटे करून बघायला लागले. 'रग'चं 'गर' झालं. 'मगर' उलटा करून काहीच हाती आलं नाही, तेव्हा त्यावर बराच वेळ चर्चा चालली.

अर्थ नसलेला शब्द आला तर मी खोडत नाही. "याचं काय असतं?" एवढंच विचारते. ज्याने लावला त्याने सांगायचं, नाही सांगता आलं तर त्यानेच काढायचा. त्यात मला दोनदा नवे शब्द मिळाले, मुलांच्या घरात रोज चालणारे, माझ्या कानावरून कधी न गेलेले.

न आणि ण जरा नाजूक आहे. ण आल्यावरही दुसरीतल्या एका मुलीने 'पानी' लावलं आणि तिच्या घरी म्हणतात तसंच वाचलं. तिने ऐकलेलं अगदी बरोबर लिहिलं होतं. चूक म्हणून कार्ड उपसून काढलं असतं, तर ती पुन्हा फळ्यापाशी आली असती की नाही कोण जाणे. मी खालच्या खिशात 'पाणी' लावलं, पुस्तकातलं पान उघडून दाखवलं आणि दोन्ही शब्द आठवडाभर तसेच ठेवले. मग मुलं स्वतःच 'लोनी'खाली 'लोणी', 'दाना'खाली 'दाणा' लावू लागली. घरच्या बोलीला वर्गात जागा मिळाली, तर पुस्तकाची भाषा शिकायला मुलं बिचकत नाहीत, असं मला तरी दिसलं.

अनुस्वार मी बराच नंतर काढणार होते. मुलांनी तो आधीच मागितला, कारण त्यांना 'वाडं' करायचं होतं. उसाचा हिरवा शेंडा, बैलांचा चारा. पारदर्शक तुकड्यावर एक ठिपका दिला, तर वाडं, तांबडं, पांढरं, झालं, गेलं, असं सगळं बोलणं फळ्यावर यायला लागलं.

मार्चमध्ये तोडीवरून परतलेल्या मुलांना वेगळं बसवून मागचा अभ्यास घ्यायची वेळ कमी आली. ती फळ्यापाशी आली आणि बाकीच्यांनी त्यांना खेळात ओढलं. शिकवणारी मुलं त्यांच्याच वयाची असल्याने लाजण्याचा प्रश्न नव्हता. सगळी पोचली असं नाही. दोघांना अजून माझ्याजवळ बसून एकेक अक्षर घ्यावं लागतं.

दुसरीला आता जोडाक्षरं चालू आहेत. म, स, त, प, ग, न यांना उजवीकडे दंड असतो. त्यांच्या जास्तीच्या कार्डांवर दंडाआधी घडी घातली आहे. दंड मागे दुमडला की अर्धं अक्षर उरतं, त्याला पुढचं अक्षर चिकटवायचं. पहिला शब्द झाला 'म्हैस', मग आम्ही, तुम्ही, रस्ता, पुस्तक. दंड नसलेल्या ट, ठ, ड, द यांना ही युक्ती चालत नाही, त्यांची जोडाक्षरं आख्खी लिहूनच द्यावी लागतात. हे पहिल्यांदा नडलं ते 'ट्रॅक्टर'ला. तोडीवरून आलेल्या मुलाला तोच शब्द हवा होता. ट्र आणि क्ट ही कार्डं मी तिथेच बसून केली, चंद्रकोर पारदर्शक तुकड्यावर काढली, र फळ्यावर होताच. शब्द लागला, सगळ्यांनी वाचला आणि त्याने लगेच ट्रॉली मागितली. चंद्रकोर आणि काना एकत्र असलेला तुकडा करून दुसऱ्या दिवशी नेला.