37 डिग्रीत गारठलेला नागपूरकर

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारात येऊन मला सहा वर्षं झाली, लोखंडाच्या खाणीत जिऑलॉजिस्ट आहे. नवीन पोरं जॉइन झाली की त्यांना एक दिवस करिजिनी नॅशनल पार्कमध्ये न्यायचं हे माझ्याकडेच असतं, कारण ज्या खडकातून आपण पगार काढतो तो ड्रिलच्या नळकांड्यात बघणं वेगळं आणि शंभर मीटर उंच भिंतीत बघणं वेगळं. सप्टेंबरचा शेवट होता, आम्ही चौघं, त्यात एक नागपूरचा. टॉम प्राइस ह्या खाणीच्या गावातून निघतानाच मी उन्हाचं लेक्चर दिलं, प्रत्येकी चार लिटर पाणी, टोपी, ओआरएस. तर हा म्हणे, "ताई, मी नागपूरचा आहो, मे मध्ये 46 बघितलंय, मले काय ऊन लागते." वर हेही सांगितलं की आईने बॅगेत लोकरीची कानटोपी कोंबली होती, ती पर्थलाच ठेवून आलो. सगळे हसलो, मीपण.

हॅनकॉक गॉर्ज ही तिथली अरुंद, खोल घळ. तिचा ट्रेल क्लास 5 चा, म्हणजे इथल्या वर्गवारीत चांगलाच अवघड. वर लाल माती, स्पिनिफेक्सचं काटेरी गवत आणि सावलीच्या नावाने बोंब. मग उतार, शिडी, आणि खाली गेलात की एकदम दुसराच देश. आपल्या सांधण दरीत गेलेल्यांना कल्पना येईल, फक्त सांधणचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा आणि हा दगड अडीचशे कोटींचा! समुद्रात विरघळलेलं लोह, सायनोबॅक्टेरिया नावाच्या सूक्ष्म जीवांनी सोडलेला ऑक्सिजन, त्याचा गंज होऊन तळाशी बसला, मध्येमध्ये सिलिकाचे थर, असे पट्टे एकावर एक, वहीच्या पानांसारखे. मी बोलत बसले की थांबत नाही. हां, निळसर तंतू दिसले तर हात लावायचा नाही एवढं मात्र दरवेळी बजावते, तो निळा अॅस्बेस्टॉस, जवळच्या विटनूमची खाण 1966 ला बंद झाली पण त्या धुळीने माणसं पुढे कित्येक वर्षं मरत राहिली.

पुढे पाणी. छातीपर्यंत. मग स्पायडर वॉक, म्हणजे दोन भिंतींवर हातपाय ताणून कोळ्यासारखं सरकायचं, खालून ओढा वाहतोय. त्याच्या पुढे कर्मिट्स पूल नावाचा डोह, सामान्य लोकांना इथवरच जाता येतं. त्यापुढच्या डोहाला जिम रेगनचं नाव आहे, एसईएसचा, म्हणजे इथल्या आपत्कालीन सेवेचा स्वयंसेवक, 2004 मध्ये ह्याच गॉर्जमध्ये जखमीला सोडवायला उतरला आणि अचानक आलेल्या लोंढ्यात गेला. हे सांगितल्यावर पोरं जरा गप्प झाली.

नागपूरकर मात्र कर्मिट्स पूलमध्ये गळ्यापर्यंत उभा राहून भिंग लावून पट्टे बघत होता. मला कौतुकच वाटलं. पंधरावीस मिनिटं झाली असतील. परत निघालो तर स्पायडर वॉकमध्ये याचा पाय दोनदा सटकला. म्हटलं नवीन आहे. मग बॅगेची चेन उघडेना त्याला, बोटं वळतच नव्हती, ओठ जांभळे आणि बोलणं दारू प्यायल्यासारखं जड. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. त्या भिंतींमधून ऊन खाली पोचतं ते दुपारी थोडा वेळ, पाणी बर्फासारखं राहतं, आणि पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा कितीतरी भराभर ओढून घेतं. वर 37 डिग्री आणि खाली आमच्याकडे हायपोथर्मिया, म्हणजे थंडीने शरीराचं तापमान धोकादायक उतरणं!

ड्राय बॅगेत काय, तर सॅटेलाइट फोन, सनस्क्रीन, ओआरएस. सुका कपडा एकही नाही, म्हणजे चूक सरळ माझी. एकाने अंगातला त्यातल्या त्यात सुका टीशर्ट काढून दिला, आणि नशीब, ओढ्याच्या वळणावर उन्हाचा एक तुकडा उतरला होता, तिथला काळपट कातळ तव्यासारखा तापलेला. ओला शर्ट काढून त्याला त्यावर बसवलं, पाठ दगडाला टेकवून, आम्ही दोघं दोन्ही बाजूंनी चिकटून. चिक्की होती ती भरवली. अर्ध्या तासाने कुडकुडणं कमी झालं आणि पहिलं वाक्य काय, तर "ताई, मॅग्नेटाइट आहे का हो हा?" लोहाचं खनिज ओळखायला लागला म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला.

शिडी चढताना एक पुढे, मी मागे, सावकाश. वर पार्किंगमध्ये हा माझं गाडीतलं जॅकेट घालून भर उन्हात बसलेला आणि आजूबाजूचे टूरिस्ट सनस्क्रीन चोपडत त्याच्याकडे बघतायत.

संध्याकाळी रिपोर्ट भरायला घेतला. उन्हाबद्दल पानभर प्रश्न, पाणी किती नेलं, सावली होती का, टोपी होती का. थंडीचा रकानाच नाही. 'इतर'मध्ये लिहिलं सगळं, तिथे जागा दोन ओळींची होती.