ताम्हिणीपुरता मोकळा आवाज

माझ्या जुन्या पोर्शे केमनला कंपनीचाच स्पोर्ट्स एक्झॉस्ट, म्हणजे मोठ्याने घुमणारा सायलेन्सर आहे. बटण दाबलं की मस्त घुमतो, पण गाडी बंद करून पुन्हा चालू केली की परत गप्प. मला फार लागायचं ते. आतली झडप व्हॅक्यूमने, म्हणजे नळीतल्या हवेच्या ओढीने, मिटलेली राहते. व्हॅक्यूम तुटला की स्प्रिंग ती उघडते आणि आवाज मोकळा होतो. मग मागची पेन्सिलपेक्षा बारीक रबरी नळी काढली, तोंडात छोटा स्क्रू घट्ट बसवला. (उघडी सोडू नका, हवा ओढत राहते.) मुळशीपुढे ताम्हिणीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये आरपीएमचा काटा ४००० पार गेला आणि तो खर्ज थेट छातीत उतरला! परतताना चांदणी चौकाआधी थांबतो, सायलेन्सर निवू देतो, नळी जोडतो. कोथरूडच्या आमच्या गल्लीत तळमजल्यावरचे काका नऊलाच झोपतात.