कॅरिबियन ते पॅसिफिक, पायी: कोस्टा रिकाच्या २८० किलोमीटरची तयारी

नकाशावर कोस्टा रिका इतका चिंचोळा दिसतो की आठवड्याभरात आरपार चालून जाऊ असं वाटतं. कॅरिबियन किनाऱ्यावरचं पारिस्मिना आणि पॅसिफिकवरचं केपोस यांत सरळ रेषेत दीडशे किलोमीटरही भरत नाहीत. 'एल कामिनो दे कोस्टा रिका' ही वाट मात्र वळसे घेत २८० किलोमीटर होते. 'मार आ मार', म्हणजे 'समुद्र ते समुद्र', या ना-नफा संस्थेने तिचे १६ टप्पे पाडले आहेत. रोजची सरासरी साडेसतरा किलोमीटर. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटतो, आणि तिथेच अंदाज चुकतो. इथे दमवतं ते अंतर नाही. सलग दोन आठवडे ओलं राहणं आणि ओल्या पायांनी रोज चढ-उतार करणं, हे दमवतं.

आणखी एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. ही सगळी वाट घनदाट जंगलातून जात नाही. जंगल आहे आणि भरपूर आहे, पण त्याच्या आधीमागे केळीच्या बागा, अननस, ऊस, कॉफी आणि शेवटी तेलताडाची लागवड लागते. बराचसा भाग कच्च्या गावरस्त्यांचा आहे. हा रस्ता मुद्दाम पर्यटक फिरकत नाहीत अशा खेड्यांतून काढला आहे. मुक्काम, जेवण आणि वाटाड्याचे पैसे त्या घरांत पडावेत, हा त्यामागचा विचार. म्हणून गाइडेड सहल निवडताना फोटो बघू नका, दोन प्रश्न विचारा: काबेकार या आदिवासींच्या भागात तिथलाच वाटाड्या घेता का, आणि मुक्काम गावातल्या घरी की दूरच्या हॉटेलात? रात्री गाडीने हॉटेलवर नेणारी सहल स्वस्त पडली तरी तिच्यात या वाटेचा निम्मा अर्थ उरत नाही.

महिना कोणता? पॅसिफिककडे डिसेंबर ते एप्रिल कोरडे, मे ते नोव्हेंबर पाऊस. कॅरिबियन बाजू हे वेळापत्रक पाळत नाही. तिथे त्यातल्या त्यात उघडीप फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. नेमके सप्टेंबर-ऑक्टोबर हेच पॅसिफिककडे सर्वांत ओले. दोन्ही बाजू जुळतात त्या फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत. तरीही मधला तापांती राष्ट्रीय उद्यानाचा पट्टा कोरडा मिळेल अशी आशा धरू नका. तिथला वर्षाचा पाऊस सात हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या आंबोलीच्या तोडीचा. फरक एवढाच की आंबोलीत तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, तिथे बारा महिने पुरवून पुरवून पडतो.

दिवसाचं गणितही पावसावरच. विषुववृत्त जवळ, त्यामुळे साडेपाचच्या सुमारास उजाडतं आणि सहाच्या आत अंधारतं. पाऊस बहुधा दुपारी. म्हणून पहाटे चारला उठायचं, पाच-साडेपाचला निघायचं आणि दीड-दोनपर्यंत मुक्काम गाठायचा. आठला नाश्ता करून निघालेला गट चढही उन्हात चढतो आणि उतारही पावसात उतरतो.

आता पाय. ट्रेक अर्धवट सोडण्याचं कारण बहुतेक वेळा पावलंच असतात. कातडी दिवसभर पाण्यात राहिली की पांढरी, सुरकुतलेली आणि मऊ होते. मग बुटातला वाळूचा एक कणही तिला सोलून काढतो. वॉटरप्रूफ बूट हा यावर उपाय नाही. घोट्याच्या वरून शिरलेलं पाणी त्यातून बाहेर पडत नाही आणि असा बूट तिथल्या दमट हवेत रात्रभरात वाळतही नाही. जाळीचे, पाणी निथळू देणारे ट्रेल शूज घ्या, नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे, कारण चौथ्या दिवसापर्यंत पाय सुजतात. सकाळी टाचा आणि बोटांच्या फटींत व्हॅसलिन चोपडायचं. दुपारच्या थांब्यावर मोजे काढून पिळायचे आणि पाय दहा मिनिटं उघडे ठेवायचे. मुक्कामी पोहोचल्यावर आधी पाय धुऊन पुसायचे, जेवण नंतर. लोकरीच्या मोज्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. तो फक्त झोपताना घालायचा, कितीही मोह झाला तरी दिवसा नाही. सकाळी पुन्हा कालचेच ओले मोजे चढवायचे. जिवावर येतं, पण कोरडा जोड पहिल्या ओढ्यात भिजवला की रात्री पायांना विश्रांती मिळत नाही.

काबेकार भागात गाइड गुडघ्याखालपर्यंतचे रबरी गमबूट सुचवेल. तिथले लोक तेच घालतात आणि ते बरोबर आहेत: चिखल ते पायातून ओढून घेत नाही, साप चावला तर दातांना अडसर होतो. आपल्या मापाचे मोठे नंबर खेड्यात मिळतीलच असं नाही, ते राजधानी सान होसेतच घ्या. कच्च्या खडीच्या रस्त्यावर मात्र ते घालू नका, तळवे भाजून निघतात.

बॅगेवरच्या रेनकव्हरच्या भरवशावर राहू नका. पाठीकडून पाणी शिरतंच. आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी, तिच्यात सगळं सामान, तोंडाला पीळ देऊन गाठ. सुती कपडे नकोत. रेनकोट थंडीपुरता ठीक; सखल भागात तो घातला की पावसाने नाही तर घामाने भिजता. रस्त्याच्या टप्प्यांवर सर्वांत कामाची वस्तू म्हणजे छत्री. सुरुवातीचे दिवस, म्हणजे पारिस्मिनाच्या कालव्यांपासून केळीच्या सपाट बागांपर्यंत, सावली जवळजवळ नाही आणि दमट हवेत घाम उडून जात नाही, त्यामुळे अंग गारही होत नाही. तीन लिटर पाणी आणि दिवसाला ओआरएसची दोन पाकिटं हा किमान हिशेब.

नद्यांच्या बाबतीत एक शब्द पाठच करून ठेवा: 'काबेसा दे आग्वा', पाण्याचं डोकं. वर डोंगरात पाऊस झाला की खाली स्वच्छ उन्हात अचानक लोंढा येतो. खुणा ठरलेल्या: पाणी गढूळ होतं, पानं-काटक्या वाहत येतात, आवाज बदलतो. यांतली एकही दिसली तर पाण्यातून बाहेर आणि उंचावर. मग थांबायचं. डोंगरी नद्या चढतात तशा काही तासांत उतरतातही. ओलांडताना बॅगेचे कमरेचे आणि छातीचे पट्टे मोकळे, तोंड प्रवाहाकडे, काठी समोर, एका वेळी एकच पाऊल.

सापांत नाव घ्यावं असा 'तेर्सिओपेलो'. शब्दाचा अर्थ मखमल. पाचोळ्यात अंगाखाली येईपर्यंत दिसत नाही. आडवं खोड ओलांडताना थेट पलीकडे पाय टाकू नका. आधी खोडावर उभे राहा, पलीकडे बघा, मग उतरा. घसरताना हात आधाराला झाडाकडे जातो, तीही सवय मोडायला हवी: अनेक ताडांच्या खोडांवर सुईसारखे काटे असतात आणि फांदीवर पिवळा छोटा विषारी साप बसलेला असू शकतो. दंश झालाच तर आवळपट्टी नाही, चिरा नाही, चोखणं नाही. अंगठी-घड्याळ काढा, अवयव स्थिर ठेवा, ९११ ला फोन आणि हॉस्पिटल. प्रतिविष देशातच, कोस्टा रिका विद्यापीठाच्या क्लोदोमिरो पिकादो संस्थेत बनतं. वेळेत पोहोचलं तर माणूस वाचतो, म्हणून गटाकडे सॅटेलाइट मेसेंजर आहे का हे निघण्यापूर्वीच विचारा.

रोजचा त्रास मात्र सापांचा नाही, 'कोलोरादिया'चा: कुरणांच्या गवतातले डोळ्यांना जेमतेम दिसणारे लाल किडे. मोज्याच्या आणि कमरेच्या इलॅस्टिकखाली चावतात आणि आठवडाभर खाजतं. गवतात बसायचं नाही. कपड्यांना घरूनच परमेथ्रिन हे कीटकनाशक लावून न्यायचं.

पहिल्या आठवड्यात नाइरी आवारी या काबेकार प्रदेशातून, त्सिओबाता वस्तीवरून वाट जाते. १९७७च्या आदिवासी कायद्याने ही जमीन बाहेरच्याला विकता येत नाही. आपण तिथे पाहुणे आहोत, तेव्हा स्थानिक वाटाड्याशिवाय शिरायचं नाही. आपल्याला गाव म्हटलं की वेस, देऊळ, आळी दिसते. इथे तसं काही नाही. एकेक घर एकेका टेकाडावर, मध्ये चिखलवाटा आणि झुलते पूल. कूळ आईकडून चालतं. काबेकार आणि त्यांच्या शेजारच्या ब्रिब्री जमातीच्या परंपरेत सिबो या देवाने माणसं मक्याच्या दाण्यांतून घडवली असं मानतात. कोको त्यांना पवित्र, म्हणून त्याचं लाकूड चुलीत घालत नाहीत. कोको कुणी दिला तर तो साखर-दुधाशिवाय, कडू आणि दाट असतो. अर्धा टाकून उठू नका.

बोलणं इथे कमी असतं. यजमान गप्प बसला म्हणजे तो नाराज आहे असं नाही, आणि शांतता भरून काढायला प्रश्नांची सरबत्ती लावू नये. विचारल्याशिवाय फोटो नको, मुलांना चॉकलेटं वाटणं नको. काही द्यावंसं वाटलं तर कोरलेले भोपळे किंवा तंतूंच्या विणलेल्या पिशव्या विकायला असतात, त्या सांगितल्या किमतीला घ्या.

पुढे पाक्वारे नदीचं खोरं. तिच्यावरच्या धरणाच्या प्रस्तावाला तुरियाल्बा भागातल्या लोकांनी २००५ साली मतदानाने नकार दिला आणि २०१५ साली सरकारी आदेशाने नदीला पंचवीस वर्षांचं संरक्षण मिळालं. वाट इथून उसाच्या मुलखात शिरते. 'त्रापिचे' दिसलं तर गाइडला थांबायला सांगाच. आपलंच गुऱ्हाळ ते: चरक, काहील, चिपाडांचा जाळ, मळी काढणारा लांब दांड्याचा झारा. फक्त गूळ लाकडी साच्यात ओततात आणि तो वर निमुळता, खाली रुंद अशा आकाराचा निघतो. त्याला 'तापा दे दुल्से' म्हणतात, आणि दोन तापांचा जोड म्हणजे एक 'आतादो'. गरम पाण्यात हा गूळ विरघळवला की 'आग्वा दुल्से'. थंडीने काकडत पोहोचलेल्या गटाला त्याचा मग हातात मिळाला की गूळपाणी देऊन पाहुण्याचं स्वागत करणाऱ्या आपल्या घरांची आठवण येते.

जेवणाचं म्हणाल तर भात आणि काळा घेवडा, तिन्ही त्रिकाळ. कॅरिबियन बाजूला तोच भात नारळाच्या दुधात शिजतो, कोकणातल्या जिभेला लगेच पटतो. शाकाहाऱ्यांनी नुसतं 'सिन कार्ने' म्हणू नये. 'कार्ने'चा अर्थ बऱ्याच घरांत फक्त गोमांस, त्यामुळे ताटात चिकन किंवा हॅम येतं. 'नी पोयो, नी पेस्कादो, नी हामोन' असं पूर्ण सांगा, आणि घेवडा 'मांतेका दे सेर्दो'त, म्हणजे डुकराच्या चरबीत, शिजवलाय का तेही विचारा. रोख कोलोन, म्हणजे तिथलं चलन, लहान नोटांत ठेवा. दारात कडी-बेल शोधू नका; बाहेर उभं राहून 'ऊपे!' अशी हाक द्यायची, घरातून माणूस येतो.

पुढे ओरोसी गाव लागतं. तिथलं चर्च अठराव्या शतकातलं, देशात आजही वापरात असलेलं सर्वांत जुनं. जवळच गरम पाण्याची कुंडं आहेत. एक दिवस राखून ठेवा, पायांसाठी. त्यानंतर वाट सुमारे २३०० मीटरपर्यंत चढते आणि रात्री गारठा पडतो, तेव्हा एक फ्लीस लागतोच. सान पाब्लो दे लेऑन कोर्तेसच्या आसपास कॉफीच कॉफी. तोडणीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च, आणि तोडायला पनामातून न्गोबे आदिवासी कुटुंबं मुलाबाळांसकट येतात, जशी आपल्याकडे बीडहून उसाच्या फडावर टोळी येते. मजुरी 'काहुएला'वर, म्हणजे वीस लिटरच्या मापावर. वीस काहुएलांची एक फानेगा. कमरेला बांधलेल्या टोपलीत फक्त लाल फळं पडायला हवीत, हिरवं फळ आलं की माप परत. हे बघितल्यावर घरातल्या कापडी गाळणीतून थेंबथेंब उतरणारी कॉफी घाईने पिववत नाही.

मग उतार, सलग काही दिवस. चढावर न थकलेले गुडघे इथे बोलायला लागतात. निघण्याच्या आदल्या आठवड्यात नखं सरळ कापा, उतरताना घोट्याजवळच्या वरच्या दोन भोकांतून फास घेऊन लेस आवळा. नाहीतर बोटं बुटाच्या टोकावर आपटून नखं काळी पडतात. दोन काठ्या, लांबी चढापेक्षा पाच-सात सेंटिमीटर जास्त. तयारी म्हणून तीन महिने आधीपासून दर आठवड्याला लागोपाठ दोन दिवस सिंहगड किंवा तसाच गड सहा किलोच्या बॅगेसह दोनदा चढून उतरा.

व्हिसाचे नियम बदलत राहतात, तेव्हा नवी दिल्लीतल्या कोस्टा रिकाच्या दूतावासाकडे खात्री करा. विमान पनामा किंवा कोलंबियावरून असेल तर पीतज्वराच्या लशीचंही विचारून घ्या, जातानाचं आणि भारतात परततानाचंही.

शेवटचा टप्पा तेलताडाच्या रांगांमधून, उन्हाचा. केपोस गावात समुद्र भेटतो पण पोहायचा किनारा तो नव्हे. त्यासाठी बसने सात किलोमीटरवर मानुएल आंतोनियोला जायचं. तिथलं राष्ट्रीय उद्यान मंगळवारी बंद असतं आणि तिकीट ऑनलाइनच मिळतं, तेव्हा पोहोचण्याचा वार आधीच मोजून ठेवा.