चार हेक्टर, चार हजार चारशे खड्डे

फॉर्मवर रकाने दोनच होते. लावलेली रोपं आणि जगलेली रोपं. तीन पावसाळे मी त्या दोन रकान्यांशी भांडले, त्याची ही हकीकत.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, खराब झालेल्या चार हेक्टर जंगलाचं पुनरुज्जीवन करायचं काम आमच्या छोट्या संस्थेकडे आलं. पैसे एका कंपनीच्या सीएसआरचे, म्हणजे समाजकार्यासाठीच्या निधीचे, जागा आणि परवानगी वनविभागाची, अंगमेहनत जवळच्या पाड्यांवरच्या माणसांची. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर मी मोठ्या दिमाखात डिसेंबर 2022 च्या कुनमिंग-माँट्रियल कराराचा दाखला दिला होता: 2030 पर्यंत जगातल्या बिघडलेल्या परिसंस्थांपैकी किमान 30 टक्के क्षेत्रावर पुनरुज्जीवनाचं काम सुरू व्हायला हवं. भारताने 2.6 कोटी हेक्टरचा शब्द दिला आहे, तेही लिहिलं. कंपनीने ते पान उलटलं आणि विचारलं, "मॅडम, झाडं किती?"

झाडं म्हणजे हिशोब सोपा. तीन मीटरवर एक खड्डा, हेक्टरी 1,111. चार हेक्टरचे गोल करून 4,400. त्यातली 80 टक्के तिसऱ्या वर्षाअखेर जिवंत हवीत. सही झाली. सही करताना मी जागा धड चालून पाहिली नव्हती, ही चूक माझीच.

पाहिली ती नंतर. एप्रिल 2023 मध्ये दहा बाय दहा मीटरच्या चाळीस चौकटी दोऱ्या ताणून आखल्या. सगळीकडे घाणेरी, म्हणजे लँटाना, डोक्याएवढी, आणि मोकळं दिसेल तिथे रानमोडी; दोन्ही बाहेरून येऊन माजलेली झुडपं. आत शिरायचं तर कोयत्याने वाट काढत. पण वाकून खाली बघितलं तर चित्र वेगळं. घाणेरीच्या सावलीत पिवळी पडलेली, वाकडी झालेली, पण जिवंत रोपं होती: ऐन, कुडा, मोई, बेहडा, जुन्या पळसाच्या खुंटांना फुटलेले धुमारे. चाळीस चौकटींत मिळून 372 भरली. चार हेक्टरला अंदाजे 3,700. म्हणजे जे 4,400 आम्ही बाहेरून आणून लावणार होतो, त्यातलं बहुतेक जंगलाने आधीच लावून ठेवलं होतं. त्याच्या उरावरची घाणेरी तेवढी उतरवायची होती.

हे मी मीटिंगमध्ये सांगितलं. पलीकडून प्रश्न आला, "मग फोटो कशाचा काढायचा?" थट्टा नव्हती ती. त्यांनाही वरती काहीतरी दाखवायचं असतं.

शेवटी तडजोड झाली. जिथे खरोखर उघडं पडलं होतं तिथेच 1,500 खड्डे, बाकी ठिकाणी आहे ते जपायचं. पण 5 जूनला, पर्यावरणदिनी, 200 रोपं लावायचीच. मुंबईत पावसाची नेमाची तारीख साधारण 11 जून. त्या वर्षी तो आला 25 जूनला, दिल्ली आणि मुंबई एकाच दिवशी गाठत. वीस दिवस आम्ही कॅन वाहिले. पाणी पुरलं नाही. 25 तारखेला 200 पैकी 31 हिरवी होती. फोटो मात्र छान आले, त्यात मीही आहे.

पाऊस लागला तसं खरं काम सुरू झालं. पहिल्या आठवड्यात कंत्राटदाराच्या माणसांनी घाणेरी कोयत्याने सपासप कापली. दिसायला झकास, पण पंधरा दिवसांत प्रत्येक बुडख्यातून सात-आठ फुटवे. घाणेरी कापली की ती चेवाने फुटते. मग दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू यांनी रुळवलेली रीत घेतली. खोड जिथे मुळाला मिळतं तिथे जाडसर गाठ असते, फुटवे तिथूनच येतात. त्या गाठीच्या खाली कुदळीने मूळ तोडायचं, आख्खं झुडूप उपटून उलटं करायचं, मुळं आभाळाकडे. ओल्या मातीला मूळ टेकलं की झुडूप पुन्हा रुजलंच. एका माणसाला दिवसभरात कोयत्याने जेवढं साफ होतं त्याच्या पाव भाग होतं. कंत्राटदार वैतागला, निघून गेला, आणि पाड्यावरच्या बायकांनी काम हातात घेतलं. त्यांच्यातल्या एका मावशींना गाठ न बघता नुसत्या पायाने चाचपून कळायची.

पुढचे दोन पावसाळे मग बिया. बुलबुल घाणेरीची फळं खाऊन ज्या फांदीवर बसतो, त्या फांदीखाली बरोबर घाणेरीची गादी. ती बोटाएवढी असताना हाताने उपटली तर दोन मिनिटांचं काम, वर्षभर सोडली तर पुन्हा कुदळ. डिसेंबरात गवत वाळलं की जाळरेषा काढायच्या, म्हणजे वणवा आत शिरू नये म्हणून गवत काढलेले पट्टे. चितळांनी शिवण आणि पांगाऱ्याचे शेंडे किती खाल्ले, ते विचारूच नका. चितळांना जंगल तयार होईपर्यंत थांबा म्हणून कोण सांगणार!

आणि मग कारवी. आमच्या वरच्या उतारावर तिचा पट्टा होता. आठ वर्षांनी एकदा फुलते: 2016 ला फुलली होती, 2024 ला पुन्हा. सप्टेंबरात अख्खा उतार जांभळा. फुलून झालं की ती मरते. उन्हाळ्यात त्या जागी नुसत्या वाळक्या काटक्या उभ्या होत्या. मे महिन्यात जागा बघायला आलेल्या साहेबांनी बोट दाखवलं, "हे मेलेलं झुडूप अजून का ठेवलंय? इथे तीनशे खड्डे बसतील."

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "साहेब, ती मेली नाय, लेकुरवाळी हाय. बोंडं बघा." वाळक्या बोंडांत बी होतं. पहिला पाऊस पडला की बोंडं भिजतात, तडतड फुटतात आणि बी लांब उडतं. एरवी कुडाच्या भिंतींसाठी कारवीच्या काठ्या नेणाऱ्या मावशी त्या वर्षी एक काठी हलवू देत नव्हत्या. साहेबांनी खड्ड्यांचा आग्रह सोडला. ऊनही फार होतं.

जुलै 2025 ला त्या उतारावर मीटरभर चौकट ठेवली आणि मोजलं: 74 रोपं. करंगळीएवढी, एकमेकींना खेटून.

दिवाळीनंतर शेवटची मोजणी झाली, वनरक्षकांसोबत संयुक्त पाहणी. लावलेली 1,500, जगलेली 1,023. म्हणजे 68 टक्के. 5 जूनची ती 200 वगळली असती तर 77. दोन्ही आकडे 80 च्या खालीच. कागदावर आम्ही नापास. त्याच चाळीस चौकटींत आपोआप आलेली रोपं मात्र 372 वरून 655 झाली होती, आणि वाकडी होती त्यातली कित्येक माझ्या खांद्याला लागत होती. त्यांना फॉर्मवर जागा नव्हती.

शेवटचा हप्ता अडला. मी पाहणीचा अहवाल, चौकटींचे नकाशे, आधीचे-नंतरचे फोटो घेऊन तीनदा त्या ऑफिसात गेले. तिसऱ्या वेळी एका तरुण मुलीने सगळं नीट वाचलं आणि म्हणाली, "मॅम, हे आमच्या फॉर्मॅटमध्येच नाहीये." मी म्हटलं, तेच तर सांगतेय तीन वर्षं. हप्ता महिन्याभराने सुटला. नव्या फॉर्मवर आता तिसरा रकाना आहे: 'नैसर्गिकरीत्या उगवलेले वृक्ष'.

कारवी वृक्ष नाही. तिचे 74 मी 'शेरा'मध्ये लिहिले. शेऱ्याला जागा दीड ओळीची आहे.