पैसा कुठे पडतो

पैसा घरात हरवत नाही. घरात तो फक्त सापडत नाही, आणि दिवाळीची साफसफाई निघाली की कपाटामागून मुकाट बाहेर येतो. खरा हरवतो तो वाटेवर, त्यातही माणूस जिथं थांबतो तिथं. चालताना फारसं काही पडत नाही. पडतं ते बसता-उठताना, ओझं उतरवताना, भाव करताना, पाय धुताना. जुन्या काळी तर आपल्याकडे खिशाचीही भानगड नव्हती. बाप्याचे पैसे धोतराच्या कनवटीला नाहीतर चंचीत, बाईचे पदराच्या गाठीला.

नदीचा उतार, म्हणजे पायी नदी ओलांडायची जागा, डोळ्यांसमोर आणा. माणूस काठावर येतो, वहाणा काढून हातात घेतो. धोतर आधी गुडघ्यापर्यंत, मग पाणी बघून मांडीपर्यंत वर. डोक्यावर गाठोडं, काखेत काठी. मध्यावर पाण्याला ओढ लागते, पायाखालचा गोटा सरकतो, तोल सावरायला हात सुटतो, त्याबरोबर कनवटही सैल होते. शिवराईचं नाणं पाण्यात पडल्याचा आवाजसुद्धा येत नाही. कळतं ते पलीकडे जाऊन पान लावायला बसल्यावर. अशी शे-दोनशे वर्षं माणसं त्याच जागी नदी ओलांडत आली असतील तर त्या वाळूत काय काय असेल, या विचारानं मला दुपारची झोप लागत नाही.

हा हिशेब पक्का ठाऊक असलेली एक जमात विलायतेत आहे. शनिवार-रविवारी मेटल डिटेक्टर घेऊन शेतं धुंडाळणारी माणसं. पण त्यांतले जाणते थेट शेतात जात नाहीत. आधी घरी जुने नकाशे काढून बसतात. ऑर्डनन्स सर्व्हे या तिकडच्या सरकारी नकाशाखात्याचे एकोणिसाव्या शतकातले मैलाला सहा इंच मापाचे नकाशे, १८३६ च्या कायद्यानंतर गावोगाव चर्चच्या धर्मपट्टीसाठी काढलेले नकाशे, असं बरंच काही. स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीनं यातले पुष्कळ नकाशे इंटरनेटवर फुकट ठेवलेत. एका बाजूला जुना नकाशा, दुसऱ्या बाजूला आजचं उपग्रहचित्र. मग शोधायचं काय, तर तेव्हा होतं आणि आता नाही ते. मोडलेली पायवाट, पाडलेली सराई, नांगराखाली गेलेलं जत्रेचं मैदान. जागा ठरली की शेतकऱ्याची परवानगी, आणि मग यंत्र.

अर्थात नशीब कधीकधी नकाशाबिकाशा काही बघत नाही. १९९२ साली सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला, म्हणून त्याचा मित्र डिटेक्टर घेऊन आला. निघाला रोमन काळातला सोन्या-चांदीचा ठेवा, जवळपास पंधरा हजार नाणी. त्यानं सगळं उपसलं नाही, कळवलं. पुढचं खोदकाम पुरातत्त्ववाल्यांनी केलं. हातोडाही सापडला, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. सापडल्यावर हात मागे घेणारा माणूस मला त्या नाण्यांपेक्षा दुर्मीळ वाटतो.

आपल्याकडे हा छंद असा मोकळेपणी करता येत नाही. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. काय, किती, कुठं, कधी, सगळं. दहा रुपये हा आकडा त्या काळचाच. आज आमच्या साताऱ्यात तेवढ्यात एक कटिंग येतो, कंदी पेढ्याचं नाव काढायचं नाही. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते, आणि संरक्षित स्मारकात परवानगीवाचून कुदळ मारणं हा तर गुन्हाच. हे कायदे मला जाचक वाटत नाहीत. गुप्तधनाच्या नादानं आपल्या गडांवर आणि देवळांत लोकांनी काय काय उकरून ठेवलंय ते पाहिलं की वाटतं, यंत्र हातात नाही तेच बरं.

आणि यंत्र असतं तरी इथं त्यानं डोकंच उठवलं असतं. डिटेक्टरची तबकडी जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते. धातू असेल तर त्यात वीज फिरते आणि तिचा प्रतिसाद परत येतो. नाण्याएवढी वस्तू वीतभर खोल असली तरी कळते. पण आपला सगळा मुलूख बसाल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा, आणि बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचंच खनिज. ओळखीतल्या एकानं हौसेनं असं यंत्र मागवलं आणि आमच्या अंगणात फिरवलं. धोंडा दिसला की ते ओरडे. धोंडा नसला तर खिळा, बाटलीचं झाकण, पत्र्याचा तुकडा. शेजारच्या काकू भिंतीवरून विचारत होत्या, ‘गॅस लीक झालाय का हो?’ त्यापेक्षा पुलावरून दोरीला लोहचुंबक बांधून नदीत सोडणारी पोरं हुशार. आताची एक-दोन रुपयांची नाणी पोलादी, पटापट चिकटून वर येतात. तांब्याची शिवराई मात्र त्यांनाही भीक घालत नाही.

म्हणून मी यंत्र सोडलं आणि नकाशा तेवढा धरला.

माझा जीव आहे सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवर, म्हणजे डोंगर-नद्या-वाटा दाखवणाऱ्या, इंचाला मैल या मापाच्या नकाशांवर. गडावर फिरणाऱ्यांना टोपोशीट नवं नाही, पण त्यांची नजर डोंगरावर असते. माझी असते खालच्या बारीकसारीक खुणांवर. साताऱ्याची एक गंमत आहे. ७४ अंशांचा रेखांश नेमका शहरातून जातो, त्यामुळे आमचं गाव ४७ जी आणि ४७ के अशा दोन शीटांत वाटलं गेलंय. मधली पेठ बघायची तर दोन कागद कडेला कड लावून बसावं लागतं. भाऊबंदकीत घराची वाटणी झाली की स्वयंपाकघर एकाकडे आणि चूल दुसऱ्याकडे जाते, त्यातला प्रकार.

या शीटांवर आठवडी बाजाराच्या गावापुढे वार लिहिलेला असतो. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी नुसता वार वाचत बसलो होतो. पण वारापेक्षाही बोलक्या असतात त्या गाडीवाटा. तुटक रेघांच्या पाच-सहा वाटा चहूबाजूंनी येऊन एका टिचभर गावात शिरतात, आणि तेच गाव आज पाहावं तर तिथं एकच डांबरी रस्ता जातो आणि तिथंच संपतो. मग समजायचं, इथं कधीकाळी माणसांचा राबता होता. बैलगाडीच्या दिवसांत बाजार भरायचा तो चहूकडच्या गावांना मध्यावर पडेल अशा जागी. पुढे एसटी आली, पक्का रस्ता ज्या गावावरून गेला तिकडे बाजार सरकला, आणि मध्यावरचं गाव आडबाजूला पडलं. बाजारतळाची जागा मात्र पुष्कळदा तशीच पडून असते, कारण गावकीची जमीन कुणाला नीट हडपता येत नाही. येते, पण वेळ लागतो.

मोठ्या रस्त्यालगत कुठंकुठं पडावाची जागा दाखवलेली असते, फौजफाटा आणि दौऱ्यावरचे साहेब उतरायचे ती. शेजारी विहीर आणि आंब्याची झाडं. आज तिथं हमखास ऊस. वाठार स्टेशनचंही तसंच. मीटर गेज आली त्या काळात महाबळेश्वरला जाणारी मंडळी वाठारला उतरायची आणि टांग्यानं वाई-पाचगणी करत वर चढायची. भाड्याची घासाघीस जिथं होते तिथं सुटे पैसे पडणारच. कोयनेच्या शीटाबद्दल मात्र काय बोलणार? जुन्या कागदावर खोऱ्यात वाड्या, वाटा, देवळं. नव्या कागदावर नुसता निळा रंग.

जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर चढवणं हे एक वेगळंच काम. शीटाच्या कडेचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे टाकले तर इथं सगळं शंभर-दीडशे मीटर सरकतं. कागदाचा दोष नाही. १८३० साली जॉर्ज एव्हरेस्ट या मोजणीवाल्या साहेबानं पृथ्वीचा जो आकार मांडला त्यावर ती शीटं बेतलेली, आणि आपला मोबाइल वेगळा आकार धरतो. त्यामुळे मारुतीचं देऊळ नदीत आणि नदी कुणाच्या तरी गोठ्यात. मग न हलणाऱ्या खुणा धरून जुळवायचं. अजिंक्यताऱ्याचा बुरूज, जरंडेश्वराचा माथा, चंदन-वंदन. नदीचं वळण धरू नये. नदी आपला काठ बदलते. डोंगर जुळले की खालचे ओढे आपापल्या जागी बसतात, आणि वरचं उपग्रहचित्र हळूहळू पारदर्शक करत नेलं की उसाच्या फडाखालून जुनी गाडीवाट वर येते. या एका क्षणासाठी मी चष्म्याचा नंबर वाढवून घेतलाय.

नकाशात न दिसणारी एक खूण जागेवर दिसते, ती म्हणजे पांढरी. काळ्या रानात मधेच राखाडी, भुसभुशीत, जरा उंचवट्याची जमीन लागली की तिथं एके काळी वस्ती होती. राख, शेण, पडलेल्या भिंती यांची ती माती. पावसाची पहिली सर पडून गेली की वर खापऱ्या आणि काचेच्या बांगडीचे तुकडे धुऊन निघतात. ही माती लोकांनी धाब्याच्या घरांवर टाकायला गाड्या भरभरून नेली, तेव्हा एखादं नाणं माळवदावरही जाऊन बसलं असेल. मी उचलत काही नाही. एकदाच एक गोष्ट हातात घेऊन पाहिली, बैलाच्या खुराची पत्री. लोखंडाचा गंजलेला बारका अर्धचंद्र, त्यात खिळ्यांची भोकं, एका भोकात खिळा तसाच अडकलेला. बाहेरची कड झिजून कागदासारखी झाली होती. त्या वाटेनं गाड्या जात होत्या याला आणखी कुठला पुरावा हवा? बघून झाल्यावर जिथली तिथं ठेवली.

कृष्णाकाठच्या एका गावात जुन्या शीटावर उतार दाखवलाय. गावाचं नाव सांगणार नाही, उद्या कुणी हंडा काढायला जायचं. खाली कोल्हापूर पद्धतीचा बंधारा झाल्यापासून तिथं बारमाही पाणी तुंबतं, उतार कसला नि काय. तरी जागा बघावी म्हणून काठावर नकाशा उघडून उभा होतो. हातात नकाशा असलेला माणूस दिसला की आपल्याकडे गावाला एकच शंका येते. बांधावरून एक तात्या आले, टोपी सारखी करत म्हणाले, ‘कुठलं पावनं? रस्ता निघतोय का हितनं?’

‘नाही तात्या, रस्ता नाही. जुना उतार बघतोय. इथून लोक नदी ओलांडायचे ना?’

‘हितनं न्हवं. त्यो वर, त्या उंबरापाशी. हितं डोह हाय. आमचा आज्जा वाईच्या बाजाराला जायचा त्यो उंबरापासनंच.’ मग त्यांनी कागदाकडे निरखून पाहिलं. ‘कागुद कधीचा म्हणायचा?’

मी सांगितलं, तुमच्या आज्ज्याच्या वेळचा असेल. तात्यांचा चेहरा एकदम उजळला. खाली बसले, मलाही बसवलं, चंची सोडली. पाण्याकडे पाठ करून आवाज खाली आणून म्हणाले, ‘मग तेवढं एक बगा की. ह्यो जो बांध हाय, त्यो तवा कुठं हुता? भावकीनं दोन हात आत सारलाय. कागदावर आसंलच की.’

मी त्यांना समजावलं की तात्या, हा इंचाला मैल नकाशा आहे, यात डोंगर-नदी-वाटा दिसतात, बांध दिसत नाहीत. बांधासाठी भूमी अभिलेखात अर्ज करून मोजणी मागवावी लागेल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चुना मळला, तंबाखूची चिमूट गालात ठेवली.

‘म्हंजे उतार चुकीचा, आन् बांध न्हाईच,’ ते म्हणाले. ‘मग पावनं, ह्यो कागुद घिऊन तुमी उन्हातान्हाचं फिरताय कशापायी?’