दंगा शिकवणारे सर

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी शाळेच्या संस्कारांवर बाकीचे लिहितीलच. मी आमच्या कॅसेटबद्दल लिहितो.

ऐंशीच्या दशकात आमच्या दहावीच्या वर्गानं गॅदरिंगला ‘गुरुजींचा तास’ हे प्रहसन केलं. एक गरीब मास्तर आणि हाताबाहेर गेलेला वर्ग, एवढंच कथानक. स्टेजवर हशा झाला, म्हणून मराठीच्या सरांनी टेपरेकॉर्डर आणला. म्हणाले, “आता न दिसता हसवून दाखवा.”

तिथं आमची जिरली. सगळी पोरं एकदम ओरडली आणि कॅसेटवर नुसती घरघर. धोतराला अडकवलेली शेपटी, वाकडी टोपी, सगळं बिनकामाचं. त्यात त्या छोट्या यंत्राची खोड अशी, की मोठा आवाज झाला की ते आपोआप दबकून घ्यायचं आणि सावरायला वेळ लावायचं. गलक्यानंतरचं मास्तराचं पहिलं वाक्य गिळलंच जायचं. मग सरांनी दंगा वाटून दिला. आधी एकानं बाक ओढायचा, दुसऱ्यानं खोकायचं, तिसऱ्यानं “गुर्जी, ह्यो चिमटे घेतोय” म्हणायचं, मग गलका, मग सगळे गप्प आणि त्यानंतरच मास्तर. एरवी “शांत बसा” म्हणून घसा फोडणारा माणूस आम्हाला ओरडायची तालीम देत होता!

“सांग, मराठवाडा मुक्त कधी झाला?”

“तुमचा तास संपल्यावर, गुर्जी!”

(17 सप्टेंबर 1948 हे खरं उत्तर शेवटच्या बाकावरचा ‘ढ’ पोरगा हळूच देतो आणि कुणाचंच लक्ष नसतं. ही जागा सरांची. मला अख्ख्या प्रहसनात तीच सरस वाटते.)

“गोदावरी कुठं उगम पावते?”

“तिकडं त्र्यंबकेश्वरला. आपल्याकडं येऊस्तोवर आटती!”

हे वाक्य वहीत नव्हतं, ऐन रेकॉर्डिंगला कुणीतरी घुसडलं. सरांना हसू आवरलं नाही, तेही टेपवर आलं. पुन्हा घेऊ म्हटलं तर “राहू द्या” म्हणाले आणि कॅसेटच्या मागच्या कडेचे प्लास्टिकचे दोन्ही तुकडे मोडून टाकले, म्हणजे वर कुणी भजनं भरायला नको.

आता ते रेकॉर्डिंग बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतं. गोदावरीचं वाक्य आपलंच, असं छातीठोक सांगणारे चौघं आहेत. त्यातला एक तर त्या वर्षी परभणीच्या शाळेत होता.